कालनिर्णय रद्दीत देऊ नका

रेडिंग
रविवार, २८ डिसेंबर २०२५

ती. बाबा आणि आई,

सा. न.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे ठणठणीत आहेत, चिऊचा खोकला गेला, जावईबापू सुट्टीत सोफ्यावर आडवे आहेत. पत्र अशासाठी की फोनवर बाबा दोन वाक्यं बोलतात आणि "बरं बरं, घे, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात, आणि मला जे सांगायचंय ते दोन वाक्यांत मावत नाही. दादाला मेल करतेय, तो ऑफिसातून प्रिंट काढून आणेल, मोठ्या अक्षरात काढ म्हणून सांगितलंय, म्हणजे चष्मा सापडत नाही हे कारण चालणार नाही.

आधी महत्त्वाचं. आई, माळ्यावरची ती बाबांच्या पक्ष्यांच्या नोंदींची जुनी कालनिर्णयं रद्दीवाल्याला देऊ नकोस. परवा तू व्हिडिओवर म्हणालीस ना की घर रिकामं करायचंय, माळा उपसायला काढलाय, पितळेची भांडी मी ठेवणार बाकी सगळं जाणार, आणि तुझ्या मागे मला ती सुतळीने बांधलेली गुंडाळी दिसली. माझ्या पोटात गोळाच आला. वहिनीला मेसेज केला लगेच, ती म्हणाली अजून आहे, सोमवारी रद्दीवाला येणार. हे पत्र सोमवारच्या आत पोचलं पाहिजे म्हणून आज रविवारी सकाळपासून लिहायला बसलेय.

बाबा, तुम्ही म्हणालात की आता कशाला ती घरातून दिसलेल्या पक्ष्यांची यादी, बिल्डिंगच राहणार नाही, झाडं राहणार नाहीत, भाड्याच्या घरात सोळाव्या मजल्यावर कोण येणारे, ३१ डिसेंबरला बेरीज मारतो आणि बंद करतो. चाळीस वर्षं बँकेत कॅशवर बसून जसं रोज संध्याकाळी टॅली करून उठायचात तसंच म्हणालात. मी तेव्हा काही बोलले नाही कारण चिऊ मध्ये मध्ये करत होती. पण दोन दिवस तेच डोक्यात आहे.

तुम्हाला खरंच वाटतं का की ती यादी म्हणजे फक्त तो शेवटचा आकडा? यंदा ४७, गेल्या वर्षी ४४, असं? तो आकडा काय, जेवण झाल्यावर फोनवर एकमेकांना चिडवायला. माझे यंदा ३१ झालेत, हरले, मान्य. पण मागच्या वेळी मे महिन्यात आम्ही आलो होतो तेव्हा चिऊने माळ्यावरून ती गुंडाळी काढून हॉलभर पसरली होती आणि मी तिला ओरडायच्या ऐवजी स्वतःच खाली बसून वाचत राहिले, आठवतं? आई दोनदा म्हणाली आमरस गरम होतोय. तेव्हा मी काही पानांचे फोटो काढून ठेवले होते. काल रात्री ते लॅपटॉपवर मोठे करून बघितले.

आता नीट ऐका हं. २०१४ चं ऑक्टोबरचं पान. ९ तारखेच्या चौकोनात तुमच्या बारीक अक्षरात "हळद्या, नर, उंबर, स. ७.२०". ठीक. पण त्याच चौकोनात खाली, पेन्सिलीने, "दूध १ जास्त" च्या बाजूला, आईच्या अक्षरात, "पिवळा आला". पिवळा म्हणजे हळद्याच! मग मी बाकीचे फोटो शोधले. २०१७, ऑक्टोबर ३, "गॅस लागला. पिवळा आला". त्या दिवशी तुमची नोंदच नाही बाबा, तुमची हळद्याची नोंद ६ तारखेची आहे! २०१९ ला तर आईचा पिवळा १४ ला आणि तुमचा १९ ला. म्हणजे तीनपैकी दोन वर्षं आईने तुमच्या आधी बघितला होता आणि तिने तो दुधाच्या हिशोबात लिहिला म्हणून तुमच्या टॅलीत आला नाही. मी हसून हसून रडले. आई, तू कधी बोलली का नाहीस गं? का बोललीस आणि बाबा पेपर वाचत होते?

हे असं तीन पानांत सापडलं तर त्या गुंडाळीत २००९ पासूनची सगळी वर्षं आहेत. सोळा सतरा वर्षं एकाच खिडकीतून, एकाच उंबराकडे बघून, दर थंडीत हळद्या कधी आला, कधी गेला, तांबट कुठल्या महिन्यात टुकटुक सुरू करतो, पांगारा फुलल्यावर भोरड्या किती दिवसांनी आल्या, हे कुणी लिहून ठेवलंय मुलुंडात? मोठमोठे अभ्यासक येऊर, नॅशनल पार्क, ठाण्याची खाडी करतात, ते बरोबरच आहे. पण तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून दिसणारा एक कंपाउंड, त्याचं कोण लिहिणार. आणि आता तो कंपाउंडच जाणार आहे तर ती कालनिर्णयं सोडून त्याचा पुरावा काहीच उरणार नाही. म्हणून म्हणते, पितळेची भांडी एकवेळ द्या, हे देऊ नका. (आई, भांडी देऊ नकोस, बोलायची पद्धत आहे.)

चिमणीचं पण बघा. जुन्या पानांवर तुम्ही चिमणी लिहायचातच नाही, रोजचं काय लिहायचं म्हणून. कावळा, पारवा, साळुंकी, चिमणी यांची फक्त १ जानेवारीला एकदा हजेरी. आणि मग खालचं वाण्याचं दुकान जाऊन मोबाईलचं आलं, त्यानंतरच्या पानावर मार्चमध्ये एकदम "चिमणी, २, बऱ्याच दिवसांनी" असं लाल पेनाने. ते लाल पेन बघून मला कसंतरी झालं. वाण्याकडे पोत्यांतून सांडलेले तांदूळ-बाजरीचे दाणे असायचे, शटरच्या पेटीत घरटी असायची, ते गेलं आणि चिमण्या पण गेल्या, तुम्ही हे कुठे लिहिलं नाहीत पण तारखा जुळवल्या की दिसतं.

इकडे पण चिमणीचीच गोष्ट आहे. जानेवारीच्या शेवटच्या वीकेंडला इथे ब्रिटनमध्ये अख्खा देश एक तास खिडकीत बसून आपल्या बागेतले पक्षी मोजतो, बिग गार्डन बर्डवॉच म्हणतात, १९७९ ला शाळकरी मुलांसाठी म्हणून सुरू केलेलं, आता लाखो लोक करतात. त्यात वीसहून जास्त वर्षं पहिला नंबर चिमणीचा, आणि तरीही १९७९ ला एका बागेत सरासरी दहा चिमण्या दिसायच्या त्या आता चारच्या आसपास. पहिला नंबर असून निम्म्याच्या खाली. हे आकडे आहेत कारण लोकांनी दर वर्षी तेच कंटाळवाणं काम केलं, एक तास बसून, पावसात, गारठ्यात, चहा पीत.

त्यांचा नियम तुम्हाला आवडेल. एका तासात रॉबिन पाच वेळा आला तर पाच लिहायचे नाहीत, कारण तो एकच पाच वेळा आलेला असू शकतो, एका वेळी एकत्र जास्तीत जास्त किती दिसले तो आकडा. आणि फक्त बागेत उतरलेले, वरून उडत गेलेले धरायचे नाहीत. माझ्या रेड काइट त्यामुळे कधीच बसत नाहीत त्यात. रेड काइट म्हणजे आपल्या घारीची चुलत बहीण, तांबूस, आणि शेपटी आपल्या घारीपेक्षा खोल दुभंगलेली, कात्रीने कापल्यासारखी. रेडिंगवर सारख्या घिरट्या. ह्या मधल्या काळात इंग्लंडातून संपल्याच होत्या, मग १९८९ पासून जवळच्या चिल्टर्न टेकड्यांवर स्पेनमधली पिल्लं आणून सोडली, इतक्या वाढल्या की २०२२ पासून इकडची पिल्लं उलट स्पेनला पाठवतायत कारण तिकडे कमी झाल्या. वाटीभर साखर उसनी नेलेली परत करावी तसं. चिऊ त्यांना "आजोबांची घार" म्हणते.

पण वर्षाची यादी वेगळी. तिथे आपले नियम. आपण ठरवलेलं ना, पाय आपल्या घरात हवेत, पक्षी कुठेही असू दे, आकाशात, शेजारच्या झाडावर, वायरवर. आणि १ जानेवारीला सगळ्यांची पाटी कोरी. फक्त एका मुद्द्यावर आपली सहा वर्षं भांडणं, की ऐकलेला धरायचा का नाही. तुम्ही म्हणायचात कोकिळ ऐकला म्हणजे पाहिला नाही, चेक आला म्हणजे वटला नाही. मी म्हणायचे काय खडूसपणा आहे.

तर बाबा, मी माघार घेतेय. लेखी घ्या. झालं असं की मे महिन्यात सकाळी किचनची खिडकी उघडी, फोनवर ते आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप चालू ठेवलेलं, आणि त्याने दाखवलं कर्ल्यू. तो लांब वाकड्या चोचीचा, चिखलातला, समुद्रकाठचा पक्षी, आपल्या खाडीवर हिवाळ्यात येतो तो कोरल. माझ्या बागेत! मी पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर धावले. वर बघते तर शेजाऱ्यांच्या टीव्हीच्या अँटेनावर एक स्टारलिंग, म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातला, बसलेला, पंख थरथरवत, गळा फुगवून, कर्ल्यूची हुबेहूब नक्कल करतोय. मग त्याने मांजराची केली, मग शेजारच्यांच्या गाडीच्या अलार्मची. पोळी जळली. येऊरला तो भृंगराज कोतवाल शिक्ऱ्याचा आवाज काढून आपल्याला फसवायचा ना, तीच जात त्याची, म्हणजे स्वभावाने. तेव्हापासून मी ऐकलेल्यांचा वेगळा रकाना केलाय, बेरजेत नाही घेत. त्यामुळे घुबड गेलं माझं, ते रोज रात्री बोलतं पण दिसत नाही. आणि रेडविंग पण जाणार होता, ऑक्टोबरच्या रात्री कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले की अंधारात वरून बारीक "सीऽप" ऐकू येतं, स्कँडिनेव्हियातून थव्याने रात्रीचे येतात ते, पण परवा गोठलेल्या दवाने सगळं पांढरं झालेलं तेव्हा समोरच्या झाडाची लाल फळं खायला दोन उतरले. पंखाखाली विटकरी लाल. ३१ वा तो.

आता माझे ३१ च का, तर त्याचंच तुम्हाला सांगायचंय, कारण तुम्ही "नव्या घरात काय दिसणार" म्हणता तेव्हा मला माझा मार्चचा महिना आठवतो. ह्या घरात आलो तेव्हा इकडच्या मंडळींचा नियम मी पण पाळला, घर बदललं की यादी शून्यापासून. जुन्या भाड्याच्या घरी सहा वर्षांत ५२ झाले होते, मागे जुनं कुंपण, नागफणीसारखी काटेरी हॉथॉर्नची झाडं, एक मोडका शेड, पक्ष्यांना काय हवं अजून. हे घर आपलं, म्हणजे बँकेचं, पण मागे बाग म्हणजे अर्धी फळ्या ठोकलेली आणि अर्धं लॉन, तेही खोटं, प्लास्टिकचं! पहिल्या दिवशी एक वुडपिजन आणि एक मॅगपाय. दुसऱ्या दिवशी तेच दोघं. मी फीडर टांगला, सोललेलं सूर्यफुलाचं बी भरलं, आणि तीन आठवडे कुणीही फिरकलं नाही. जावईबापू म्हणाले बी आपणच खाऊ, चांगलं असतं. रोज सकाळी भांडी घासता घासता मी तो भरलेला फीडर बघायचे आणि मला जुन्या घरचं कुंपण आठवून चक्क रडू यायचं. कुणाला सांगणार, ऑफिसात सांगितलं तर म्हणतील हिला पक्षी येत नाहीत म्हणून रडते.

मग एक दिवस एक ब्लू टिट आला. अंगठ्याएवढा. एक बी घेतलं, पळाला. दुसऱ्या दिवशी दोन. आठवड्यात ग्रेट टिट, गोल्डफिंच, रॉबिन तर मी माती उकरायला लागले की पायापाशी. रॉबिन म्हणजे आपल्या दयाळाच्याच कुळातला, तसाच भांडकुदळ. प्लास्टिकचं लॉन आम्ही उचकटून काढलं, खालची माती आंबट वासाची, मेल्यासारखी, त्यावर पानं-बिनं टाकली, कोपऱ्यात हॉथॉर्नची दोन रोपं लावली, ती अजून चिऊच्या गुडघ्याएवढीच आहेत. एक जुनी परात पाणी भरून ठेवली. ब्लॅकबर्ड त्या परातीत अंघोळ करतो, अर्धं पाणी बाहेर, आणि चिऊला म्हणावं तर ती म्हणते तो करतो मग मी का नको.

एक मात्र शिकले, फीडर दर आठवड्याला गरम पाण्याने धुवायचा, वाळवायचा, जागा बदलायची. इथे २००५-०६ पासून ग्रीनफिंचमध्ये ट्रायकोमोनोसिसची साथ आली, घशाचा आजार, गिळता येत नाही त्यांना, आणि अस्वच्छ फीडरवरून, पाण्यावरून पसरतो. पूर्वी हे इथल्या बागेतले अगदी सामान्य पक्षी, आता धोक्यातल्या लाल यादीत आहेत. म्हणून आई, तू गॅलरीतलं पाण्याचं भांडं रोज घासतेस ना, ते बाबा "कशाला एवढं" म्हणतात त्यांना हा परिच्छेद वाचून दाखव.

पारव्यांबद्दल मात्र मी आईच्या बाजूची. दादरच्या कबुतरखान्यावरून यंदा एवढं सगळं झालं, कोर्ट, ताडपत्री, मोर्चे, ते इकडे पण लोक विचारत होते. वरच्या मजल्यावरून जे पोतंभर ज्वारी टाकतात त्यांना भूतदया वाटते आणि खाली आईला रोज गॅलरी धुवावी लागते, शिवाय त्या विष्ठेने फुप्फुसाचे आजार होतात हे डॉक्टर सांगतात. पारव्यांना खायला घालणं आणि पक्षी बघणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच. पुढे जाऊ या.

बाबा, सोळावा मजला. तुम्ही म्हणता कोण येणारे. अहो, तुम्ही आत्तापर्यंत घार फक्त खालून बघितलीये. आता ती तुमच्या समोरून, डोळ्यांच्या पातळीवर जाईल, आणि कधी कधी तुम्हाला तिची पाठ दिसेल. घारीची पाठ कुणी बघितलीये मुलुंडात? पाकोळ्या दिसतील, थव्याने, संध्याकाळी. हिवाळ्यात बहिरी ससाणा मुंबईच्या टॉवरांच्या कडांवर बसतो पारवे धरायला, कदाचित तो. वरून उडणाऱ्यांचे दिवस आहेत आता तुमचे. शिंपी, नाचण, सुभग जातील, खरंय, ते सोळाव्यावर चढणार नाहीत, तांबटाचं काही सांगता येत नाही. खोटं नाही बोलत, पहिल्या महिन्यात तुम्हाला दोन दिसतील आणि दोन्ही पारवे असतील. मालकाने आधीच जाळी मारलीये ते आईने सांगितलं, चांगलंच आहे, जाळीतून दिसत नाही असं काही नाही, चष्मा पुसा.

दुर्बीण हातात धरून सामानात न्या, टेम्पोत टाकू नका.

आणि उंबर. झाडावर पालिकेची नोटीस लागलीये असं दादा म्हणाला, आकडे टाकलेत खोडांवर. मला माहितीये आई तीन दिवस त्यावरून जेवली नाही नीट. औदुंबर आहे तो, दत्ताचं झाड, तू त्याच्याखाली दर दत्तजयंतीला दिवा लावलास, गुरुचरित्राची पारायणं केलीस, आणि आता मीटिंगमध्ये सगळे म्हणतात तोडायचं नाही कुणालाच, पुनर्रोपण करू. पुनर्रोपण! एवढा थोराड उंबर उचलून कुठे नेणार आणि तो जगणार का, हे विचारायला हवं, तोंडी नको, लेखी हरकत द्या, मुदत असते त्याला. आणि हरकतीत नुसतं "जुने व धार्मिक महत्त्वाचे झाड" असं लिहू नका, तसं सगळेच लिहितात. तिथे यादी जोडा. ह्या एका झाडावर कुठल्या वर्षी कुठले पक्षी, तारखांसकट. धनेशाची जोडी तुम्ही सलग तीन वर्षं लिहिलीये, फेब्रुवारीत. हरियाल लिहिलाय, आपल्या राज्याचा राज्यपक्षी. पिंगळा ढोलीत. खोडालाच लगडलेली उंबरं पिकली की बुलबुल, तांबट, कोकिळ सगळ्यांची पंगत, ते सगळं आहे तुमच्याकडे. बाबा, तुम्ही आयुष्यभर लोकांना व्हाउचर मागितलंत, आता आपल्याकडे व्हाउचर आहेत तर जोडा की. झाड वाचेल असं मी म्हणत नाही, मला पण दिसतंय काय होणार. पण "झाडावर काही नव्हतं" असं कागदावर जायला नको.

त्यासाठी काय करायचं सांगते, वहिनीला पण मेसेज करतेय. प्रत्येक वर्षाचं कालनिर्णय उलगडून जमिनीवर ठेवायचं, कोपऱ्यांवर चार वाट्या, आणि दादाच्या मुलाला बारा पानांचे फोटो काढायला लावायचे, उजेडात, सावली न पाडता. सतरा वर्षं गुणिले बारा, दोनशे चार फोटो, दोन दुपारचं काम, त्याला सुट्टीच आहे. मी इकडे बसून सगळं एका फाईलमध्ये उतरवेन. बाबांचा रकाना वेगळा, आईचा वेगळा. आई, तुझं "काळा लांब शेपटीचा" म्हणजे कोतवाल की भारद्वाज ते मात्र तुला सांगावं लागेल. भारद्वाज दिसला की तू नमस्कार करतेस त्यामुळे तो बहुतेक नावानेच लिहिला असशील. आणि २०१६ च्या जूनमध्ये "कावळीण दुसऱ्याचं पोर भरवते, ठिपक्याचं" असं तू लिहिलंयस, ते कोकिळेचं पिल्लू गं! कावळ्याच्या घरट्यात कोकिळा अंडं घालते हे सगळे शाळेत शिकतात, पण ठिपक्यांचं पोर कावळीण भरवताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेले किती जण असतील. आणि तू ते "इस्त्रीवाला ४२ रु." च्या खाली लिहून मोकळी झालीस.

हो, आणि दोन्ही याद्यांत समान किती ते काल मोजले. सहा. चिमणी, पारवा, पोपट, राखी बगळा, माळभिंगरी आणि करडा धोबी. पोपट इथे पिंजऱ्यातून सुटलेल्यांची पिलावळ, मूळ आपल्याच बाजूचे, उत्तर हिंदुस्थान-पाकिस्तानातले, पण आता लंडनपासून इथवर थंडीत पण मजेत राहतात, ओरडणं तेच, अर्धं खाऊन फेकणं तेच. सकाळी सात वाजता गडद अंधारात, दोन डिग्रीत, ते "कीऽक कीऽक" ऐकलं की मला अजूनही क्षणभर वाटतं आईने गॅलरीचं दार उघडलं. धोबी मात्र तोच नसणार हं, तुमच्या टाकीच्या ओव्हरफ्लोवर सप्टेंबरात येऊन शेपटी हलवतो तो हिमालयाच्या, मध्य आशियाच्या बाजूने येतो, माझा इथलाच, नदीवरचा. चिऊला मी हे सांगितलं तर ती म्हणाली मग त्यांची फोनवर ओळख करून दे.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर ती ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असते, भारतात पण २०१३ पासून होते, निदान पंधरा मिनिटं बघायचं आणि दिसलेले सगळे लिहायचे. तोपर्यंत तुम्ही नव्या घरी गेलेले असाल. तुम्ही सोळाव्या मजल्यावरून पंधरा मिनिटं आणि मी इकडून, तुमचा दुपारचा चहा आणि माझा सकाळचा, एकाच वेळी. आई पण बसणार, आणि तिने आधी बघितला तर तिचं नाव आधी. नवीन कालनिर्णय वहिनी आणून देईल, खिळा ठोकायला मालक देत नसेल तर फ्रिजला चिकटवा.

बाकी भाजणी संपली. दादाच्या ऑफिसातलं कुणी जानेवारीत लंडनला येतंय म्हणे, त्यांच्याकडे अर्धा किलो द्या, मेतकूट पण, लोणचं नको, मागच्या वेळी बॅगेत फुटलं होतं आणि त्या बिचाऱ्याने महिनाभर आंब्याच्या वासाचे शर्ट घातले. बाबा, गुडघ्याचा पट्टा लावता का? सामान तुम्ही उचलू नका. आई, तू रडू नकोस, आणि रडलीस तर मला फोन कर, किती वाजले बघू नकोस.

तुमची लेक

ता. क. बाबा, ते गच्चीवरून दिसलेले रोहित (फ्लेमिंगो) अजून सस्पेन्स खात्यातच आहेत ना? खाडीकडून रांगेने गेलेले, तुम्ही स्वतः मोजलेले, २३. तुम्ही धरले नाहीत कारण गच्ची सोसायटीची कॉमन, आपल्या फ्लॅटची नाही, आणि मी तेव्हा म्हटलं होतं की मेंटेनन्स भरता मग गच्ची आपली नाही तर कुणाची. मग मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून चाळीसच्या आसपास रोहित मेले त्या दिवशी तुम्ही फोनवर नुसतं "आपले असतील का गं" एवढंच विचारलंत. सेक्रेटरी काकांना विचारा आणि बिल्डिंग रिकामी व्हायच्या आत ते २३ जमा करून टाका. मग तुमचे यंदाचे ४७ च राहतील, पण त्या वर्षीचे एक ने वाढतील, तेवढी बेरीज लाल पेनाने दुरुस्त करा आणि बाजूला सही.